पावणेचार फुटांची विनंती

दादाला गॅरेज बांधायचं आहे. एक गाडी आत जाईल एवढंच.

चौलच्या एका वाडीत आमचं घर आहे. घराच्या उत्तरेला मोकळी पट्टी, तिच्या पलीकडे दगडी गडगा, गडग्यापलीकडे अण्णांची वाडी. घराच्या भिंतीपासून गडग्यापर्यंत टेप धरली तेव्हा सव्वादहा फूट भरले. गाडी उभी करायला नियमानं अडीच मीटर रुंदी लागते, म्हणजे आठ फूट दोन इंच. बाहेरची चिऱ्याची भिंत नऊ इंचांची. उरतात सोळा इंच. आमच्या मंजूर नकाशात त्या बाजूला दीड मीटर, म्हणजे पाच फुटांच्या आतबाहेर, मोकळं सोडायचं आहे. त्या पाच फुटांतल्या जवळजवळ पावणेचार फुटांची आम्हाला सूट हवी आहे.

हे मागायला गेलो त्याला अकरा महिने झाले.

गॅरेज ही चैन आहे असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी एक पावसाळा इथं गाडी उघड्यावर ठेवून बघावी. चौलला समुद्र आमच्या ओटीवरून दिसत नाही, रात्री ऐकू येतो. पण त्याचा खारा वारा दिवसभर घरात फिरत असतो. खिडकीचे गज खातो, सायकलची साखळी खातो, गाडीच्या दाराची खालची कड दोन वर्षांत भुसभुशीत करतो. वर माड आहेत. झावळी पडते ती टपावर, नारळ पडतो तो काचेवर. दादानं आयुष्यभराच्या नोकरीनंतर पहिली गाडी घेतली आहे. आईला दर महिन्याला अलिबागला दवाखान्यात न्यायला ती लागते. तिला छप्पर असावं असं त्याला वाटलं, यात गैर काहीच नाही.

गाड्या वाढल्या त्यालाही कारणं आहेत. पूर्वी मुंबईकर लाँचनं मांडव्याला किंवा रेवसला उतरायचा आणि पुढे एसटी धरायचा. 15 मार्च 2020 ला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली आणि माणसाबरोबर त्याची गाडीही समुद्र ओलांडू लागली. 12 जानेवारी 2024 ला जवळपास 22 किलोमीटरचा अटल सेतू उघडला. आता शनिवारी सकाळी शिवडीहून निघालेला माणूस जेवायला नागावात असतो. रस्ते मोठे झाले, पूल झाला, बोट झाली. वाडीतले बोळ मात्र बैलगाडीच्या मापाचेच राहिले. दोन्ही बाजूंना गडगे, मधून एक गाडी कशीबशी जाते. समोरून दुसरी आली तर एकाला कुणाच्या तरी अंगणात शिरावं लागतं. प्रत्येक घराला आता गाडी ठेवायला जागा हवी आहे, आणि ती जागा घराच्या बाजूच्या याच पट्टीत शोधली जाते आहे.

सरकारी कागदात या पट्टीला ‘सामासिक अंतर’ म्हणतात. शब्द मला आवडतो. वहीच्या पानाला डावीकडे समास सोडतात, तसा जमिनीला सोडलेला हा समास. शाळेत समासात लिहायला बंदी असायची, ती जागा बाईंच्या शेऱ्याची. जमिनीच्या समासातही मालकानं काही लिहायचं नसतं. तो वाऱ्याचा, उजेडाचा, पागोळ्यांच्या पाण्याचा, आग लागली तर बादल्या घेऊन धावणाऱ्यांचा आणि शेजाऱ्याचा असतो. सातबाऱ्यावर नाव आपलं असतं, पण त्या पट्टीत चार जणांचा जीव गुंतलेला असतो.

2 डिसेंबर 2020 ला राज्याच्या बहुतेक भागासाठी एकच नियमावली मंजूर झाली. एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली असं तिचं लांबलचक नाव. मुंबई महापालिका, एमआयडीसी, नैना अशी काही क्षेत्रं तेवढी बाहेर ठेवली. लहान भूखंडावरच्या घरांसाठी या नियमावलीनं वाट सोपी केली, हे चांगलंच झालं. पण ती सोपी वाट सगळी मापं पाळणाऱ्यांसाठी आहे. माप ओलांडायचं असेल तर विशेष परवानगी लागते. ती देण्याचा अधिकार मंजुरी देणाऱ्याकडे आहे: स्पष्ट दाखवता येईल अशी अडचण असेल तर ठरवून दिलेली मापं शिथिल करता येतात. चटईक्षेत्राला मात्र त्यात हात लावायचा नाही. आणि इमारतीत राहणाऱ्यांच्या व आजूबाजूच्या लोकांच्या आरोग्याला, सुरक्षिततेला धक्का लागता कामा नये.

तरतूद वाचली आणि मला बरं वाटलं. नियम माणसांसाठी आहेत, अडचण आली तर तोंड उघडायला जागा ठेवली आहे, असं ती सांगते. म्हणून आम्ही रीतसर विचारायला गेलो.

पहिल्या खेपेला सातबारा परत आला, कारण मोजणी नकाशा जोडलेला नव्हता. मोजणीचे पैसे भरले, चार महिन्यांनी मोजणीदार आले, हद्दीच्या खुणा पुन्हा रोवल्या. दुसऱ्या खेपेला उच्चतम भरती रेषेपासून घर किती अंतरावर आहे याचा दाखला मागितला. घर समुद्रापासून चारशे मीटरच्या पुढे आहे, पण पाचशेच्या आत आहे, तेव्हा दाखला हवाच. तो मिळवला. तिसऱ्या खेपेला आर्किटेक्टची सही जुन्या नमुन्यावर आहे असं निघालं. प्रत्येक खेप म्हणजे दादाचा एक दिवस, जाण्या-येण्याचं पेट्रोल, आणि खिडकीपुढची रांग. कार्यालयाचं नाव इथं लिहीत नाही. त्यातली माणसं वाईट नाहीत. एका टेबलावर तीन टेबलांचं काम आहे, हे डोळ्यांना दिसतं.

तिसऱ्या खेपेला बाहेर चहाच्या टपरीवर एक गृहस्थ भेटले. फायली पुढे सरकवणं हाच त्यांचा धंदा. त्यांनी दादाला प्रेमानं समजावलं, “साहेब, कशाला विचारत बसलात? बांधून टाका. कुणी आलं तर बघू. नंतर नियमित करून घेता येतं.”

‘बांधून टाका, नंतर बघू.’ अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की किनाऱ्याचा खरा कायदा तोच वाटू लागतो. मला या वाक्याचा राग आहे. ते बोलणाऱ्याचा नाही, त्याला ते बोलायला शिकवणाऱ्या व्यवस्थेचा. जो विचारतो तो अकरा महिने खेपा घालतो. जो विचारत नाही त्याचं गॅरेज गणपतीआधी उभं राहतं, आणि गणपतीला आलेले पाहुणे त्याचं कौतुक करतात. प्रामाणिकपणाची शिक्षा एवढी लांबवली की सज्जन माणूसही शेवटी गवंड्याला फोन लावतो.

न विचारता बांधण्याचं टोक आमच्या तालुक्यानं पाहिलं आहे. किहीमच्या किनाऱ्यावर नीरव मोदीचा बंगला होता. वृत्तपत्रांत त्याचं क्षेत्रफळ सुमारे 33 हजार चौरस फूट आलं होतं. किनाऱ्यावरच्या अशा बेकायदा बांधकामांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात 2009 पासून जनहित याचिका होती. पाडकाम जानेवारी 2019 मध्ये सुरू झालं. बांधकाम इतकं भक्कम निघालं की यंत्रांचा निभाव लागेना, म्हणून खांबांना भोकं पाडून सुरुंग भरले आणि 8 मार्चला ते उडवलं. टीव्हीवर धुळीचा लोट सगळ्यांनी बघितला. मला त्या दिवशी आनंद झाला नाही. दहा वर्षांत तिथं किती लोकांनी डोळे मिटले असतील, किती टेबलांवरून तो कागद गेला असेल किंवा गेलाच नसेल, हे मनात येत राहिलं. मालक कर्ज बुडवून परदेशी पळाल्याची बातमी झाली नसती, तर ती धूळ तेव्हा उडाली असती का?

त्याच किहीममध्ये 1930 साली सलीम अली सुगरण पक्ष्यांवर नजर ठेवून बसले होते. त्यांनी जे टिपलं ते पक्षिशास्त्रात नवं होतं. नर घरटं विणायला घेतो, पण पुरं करत नाही. अर्ध्यावर थांबतो. मादी येते, आत शिरून बघते, पसंत पडलं तर राहते, आणि मगच तो पुढची बोगद्यासारखी वाट विणतो. पसंत नाही पडलं तर ते अर्धवट घरटं तसंच लोंबत राहतं. ज्या गावात पाखरूसुद्धा अर्ध्यावर थांबून विचारतं, त्या गावात माणूस 33 हजार फूट बांधून मोकळा झाला.

समुद्राचाही एक समास आहे आणि तो घराच्या समासापेक्षा फार मोठा आहे. नोव्हेंबर 1981 मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीच्या रेषेपासून 500 मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं. त्याला कायद्याचं रूप यायला 19 फेब्रुवारी 1991 उजाडला. गावाकडच्या किनाऱ्यावर पहिल्या 200 मीटरमध्ये नवं बांधकाम नाही. खाडीकाठी 100 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी असेल तेवढं सोडायचं.

मग सुरू झाली सूट मागायची रांग. ऑगस्ट 1994 मध्ये केंद्र सरकारनं दुरुस्ती करून नदी-खाडीकाठचे 100 मीटर 50 वर आणले, आणि 200 मीटरच्या पट्टीतही आपल्याला योग्य वाटेल तिथं ढील देण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. सर्वोच्च न्यायालयानं 18 एप्रिल 1996 ला या दोन्ही गोष्टी रद्द केल्या. शंभराचे पन्नास का केले याचं पटेल असं कारण सरकारला देता आलं नाही. आणि सूट कुणाला, कशासाठी, कोणत्या निकषावर द्यायची याला काही धरबंधच ठेवलेला नव्हता.

हा निकाल दादाच्या गॅरेजला किती लागू आहे! न्यायालयानं सूट देणं चूक ठरवलं नाही. कारण न सांगता सूट देणं चूक ठरवलं. पुढे 18 जानेवारी 2019 च्या अधिसूचनेनं खाडीकाठी तेच 50 मीटर परत आणले. शिवाय दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा जास्त वस्ती असलेल्या गावांसाठी समुद्राकाठची 200 मीटरची पट्टीही 50 वर आणली. मोजायची ती 2011 ची जनगणना. त्या जनगणनेत रायगड जिल्ह्याची सरासरी घनता होती 368. म्हणजे पट्टी आखडली ती दाटीवाटीच्या गावांपुरती. विरळ वाड्यांना 200 मीटरच राहिले. मला हे पटतं. आपल्या किनाऱ्याला त्या 200 मीटरची गरज आहे, आणि तिथं कुणाच्याही गॅरेजला, बंगल्याला, हॉटेलला जागा नसावी. त्यात आमचं घर असतं तरी हेच म्हटलं असतं.

पण त्याच पट्टीत कोळीवाडा आहे, हे विसरून चालणार नाही. कोळ्यांची घरं 1991 च्या अधिसूचनेच्या आधीची, कित्येकांच्या आज्या-पणज्यांच्या काळातली. मुलगा लग्नाचा झाला, एक खोली वाढवायची आहे, तर जुन्या जोत्याबाहेर जाता येत नाही. 2011 च्या अधिसूचनेनं 100 ते 200 मीटरच्या पट्ट्यात पारंपरिक किनारी लोकांना घर बांधायची वाट ठेवली. तीही खिडकी-खिडकीवरून जाणारी. जाळं सुकवायची जागा मोकळी ठेवून मागे एक खोली मागणारा कोळी आणि समुद्राकडे काच लावून पोहण्याचा तलाव मागणारा बंगलेवाला यांचे अर्ज एकाच गठ्ठ्यात पडतात, आणि पुढे सरकण्याची ताकद दुसऱ्याकडे जास्त असते. अडचण आणि हौस यातला फरक ओळखायचं काम ज्याच्याकडे दिलं आहे, त्यानं जागेवर येऊन डोळ्यांनी बघायला नको का?

आणि शेजाऱ्याला विचारायला नको का?

माझी आतेबहीण न्यू जर्सीत राहते. दोन वर्षांपूर्वी तिनंही बाजूच्या मोकळ्या पट्टीत गॅरेज काढायचं ठरवलं. तिथं अशी सूट मागायची तर गावच्या झोनिंग मंडळापुढे जावं लागतं, आणि सुनावणीच्या निदान 10 दिवस आधी 200 फुटांच्या आतल्या प्रत्येक मालकाला नोटीस द्यावी लागते. राज्याचा कायदाच आहे तसा. वर्तमानपत्रातही द्यावं लागतं. अडचण तिला मांडावी लागली, शेजाऱ्यांसमोर, तोंडी. पलीकडच्या म्हातारीनं उठून विचारलं की बर्फ वितळल्यावर पाणी कुठं जाणार. त्या प्रश्नावर तिला नकाशा बदलावा लागला. अमेरिकेत या पद्धतीला शंभरावर वर्षं झाली. न्यूयॉर्कनं 1916 मध्ये शहरभर बांधकामाचे नियम घातले, तेव्हाच नियमाच्या कचाट्यात सापडलेल्यांचं ऐकायला एक मंडळही बसवलं. तिथं सगळं सोन्याचं आहे असं नाही. श्रीमंत गावांत हेच नियम गरिबांना दूर ठेवायलाही वापरले गेले. पण शेजाऱ्याला खुर्ची आहे.

आपल्याकडे दादाच्या अर्जाला सोळा कागद लागले. त्या सोळांत शेजाऱ्याचा एकही नव्हता.

म्हणून एका संध्याकाळी आम्हीच अण्णांकडे गेलो. अण्णा ऐंशीच्या घरातले, पायात चपला न घालता वाडीत फिरणारे. दादानं नकाशा ओटीवर पसरला. अण्णांनी त्याच्याकडे बघितलं नाही. उठले, गडग्याशी गेले, आणि हातानं दगड चाचपू लागले. मातीत बसवलेला गडगा, चुना-सिमेंट काही नाही. खालच्या दोन थरांवर शेवाळ, त्याखाली ओल. गडग्यापासून पाच हातांवर त्यांची विहीर.

“माझी हरकत नाही रे,” अण्णा म्हणाले. “पण पाणी कुठं सोडणार?”

दादाकडे उत्तर नव्हतं. अकरा महिन्यांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

घरी येऊन हिशेब केला. गॅरेज साडेपाच मीटर लांब, पुढे आलेल्या पत्र्यासकट तीन मीटर रुंद. साडेसोळा चौरस मीटर छप्पर. आमच्याकडे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. म्हणजे त्या एवढ्याशा पत्र्यावर चार महिन्यांत 33 हजार लिटर पाणी. आज ते अख्ख्या सव्वादहा फुटांच्या मातीत मुरतं. गॅरेज झाल्यावर ते सोळा इंचांच्या चिंचोळ्या घळीत, मातीच्या गडग्याच्या मुळाशी, धारेनं पडणार. दोन पावसाळ्यांत गडगा अण्णांच्या वाडीत बसणार. गाडीखालचं तेल, पत्र्याचा गंज, सगळं मिळून पाच हातांवरच्या विहिरीकडे झिरपणार. त्या विहिरीचं पाणी अण्णा आजही पितात.

दुसरी गोष्ट अण्णा बोलले नाहीत, आईनं आठवण करून दिली.

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ दुपारी आमच्या जिल्ह्यात शिरलं. श्रीवर्धन-दिवेआगरच्या पोफळीच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. चौलला आमच्या बोळात सात माड पडले, विजेचा खांब त्यांच्याखाली. अण्णांच्या घराची पुढची बाजू झाडानं बंद झाली, अर्धी कौलं गेली होती. काकूंना दम्याचा त्रास, त्या दुपारी त्यांना श्वास घेववेना. गडग्याला एका जागी खिंड होती. तिच्यातून दादा आणि मी अण्णांकडे गेलो, काकूंना लाकडी खुर्चीत बसवलं, आणि खुर्ची दोघांनी उचलून घराच्या उत्तरेच्या या पट्टीतून मागच्या वाटेला काढली. पाऊस आडवा लागत होता. पुढे दादा पाठमोरा चालत होता आणि मी त्याला सांगत होतो, डावीकडे घे, आता उजवीकडे. सोळा इंचांतून ती खुर्ची गेली नसती.

आईनं एवढं सांगितलं आणि ती भाजी निवडायला बसली. दादा बराच वेळ गप्प होता.

अडचण खरी आहे आणि सूट देऊ नये असं मला वाटत नाही. दादाच्या गाडीला छप्पर मिळायला हवं. पण ते कोणत्या रूपात मिळावं हे त्या पट्टीत ज्याचा जीव गुंतला आहे त्याला विचारल्याशिवाय ठरू नये. नियमावलीत आजूबाजूच्या लोकांची सुरक्षितता हे शब्द छापलेले आहेत. मग त्या लोकांना साधी नोटीस का जात नाही? अर्ज आला की आजूबाजूच्या चार घरांना मराठीत एक पत्र जावं. पंधरा दिवसांत कुणाला काही म्हणायचं असेल तर जागेवर येऊन ऐकावं. सूट दिली तर का दिली, नाकारली तर का नाकारली, हे दोन ओळींत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावं. आणि हे सगळं साठ दिवसांत व्हावं, अकरा महिन्यांत नाही. यासाठी पूल बांधायचा नाही की बोट आणायची नाही. आपल्या ग्रामसभेत चार माणसं बसवून होईल असं काम आहे. ज्याला हौसेपायी समुद्राच्या पट्टीत घुसायचं आहे, त्याला याच फळ्याची भीती वाटेल.

दादानं नकाशा बदलला. भिंत काढून टाकली. एका बाजूला घराची भिंत, दुसऱ्या बाजूला फक्त दोन खांब, वर पत्रा, आणि पत्र्याला उतार गडग्याकडे नाही, घराकडे. घराच्या कडेनं पन्हळ, पन्हळीचं पाणी पुढच्या अंगणातल्या शोषखड्ड्यात. गाडी भिंतीला लगटून उभी केली तर पलीकडून साडेतीन फुटांची वाट राहते. त्यानं आणि मी रिकामी खुर्ची धरून ती दोनदा चालून बघितली. खांब आणि पत्र्याची कड त्या दीड मीटरमध्ये येतात, म्हणून सूट अजूनही लागतेच. पण मागणी आता निराळी आहे.

अण्णांनी नवा नकाशा बघितला, या वेळी नीट, चष्मा लावून. मग वहीचं एक पान फाडून त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: पत्र्याचं पाणी माझ्या बाजूला येणार नाही आणि मागची वाट बंद होणार नाही, या अटीवर माझी हरकत नाही. खाली सही, तारीख. समास सोडून लिहिलं होतं.

सोमवारी दादा चौथ्यांदा गेला. बदललेल्या नकाशासह सोळा कागद आणि वर अण्णांचं पान. खिडकीतल्या बाईंनी यादी हातात घेतली आणि एकेका कागदावर टिकमार्क करत गेल्या. सोळा झाले. सतरावं पान त्यांनी उलटसुलट करून बघितलं, आणि दादाला परत दिलं.

“हा यादीत नाही,” त्या म्हणाल्या.